आजचें वेगळें काय?

भाईंदर स्टेशनाबाहेरून उत्तनला जाणारी बस मुर्धा, राई, मोर्वा हीं गांवें मागें टाकून डोंगरीकडे वळली, कीं खाऱ्या वाऱ्याचा पहिला झोत खिडकींतून आंत येतो. पावसाळा सरल्यावर त्या वाऱ्याला वाळत घातलेल्या बोंबलांचा उग्र वास असतो. शेजारचे कित्येक प्रवासी त्या वासाला नाक मुरडतात. मला मात्र तो आला कीं बरें वाटतें. आतां थोड्या वेळांत उतरावयाचें आणि आत्याला भेटावयाचें, हें त्या वासानेंच मला सांगितलेलें असतें. २०१८ सालापासून बहुतेक प्रत्येक रविवारीं मी ही बस धरीत आलों आहें. उत्तनच्या वाटेवरील एका लहानशा वृद्धाश्रमांत माझी आत्या राहते.

हें वाक्य वाचतांच आपल्यापैकीं कांहींच्या कपाळाला आठी पडली असेल, हें मी जाणतों. ज्या आत्यानें आईमागें मला वाढविलें, माझ्या मुंजींत मातृभोजनाला जी माझ्या पानाशेजारीं बसली, तिला म्हातारपणीं परक्यांच्या हातीं सोंपविलें! तशी आठी माझ्याही कपाळाला पडली होती. परंतु गणिताची शिक्षिका म्हणून तीस वर्षें काढलेल्या त्या बाईनें हा हिशेब माझ्यापुढें स्वतःच मांडला. न्हाणीघरांत पाय घसरून ती पडली तेव्हां घरांत कोणीही नव्हतें. मी आणि माझी पत्नी सकाळीं सातच्या लोकलनें जाणार आणि रात्रीं आठला परतणार; मुलगा शिकावयास पुण्यास. "तेरा तास मी या दोन खोल्यांतल्या भिंतींशीं बोलतें," ती म्हणाली, "तेथें निदान भांडायला तरी चार माणसें मिळतील!" तिनें आपल्या पेन्शनीचा आंकडा मांडला, आश्रम स्वतः पाहून पसंत केला, आणि नव्या इयत्तेंत निघालेल्या मुलीच्या उत्साहानें ती तेथें राहावयास गेली.

तिचा निर्णय चुकला नाहीं, असें मला आजही वाटतें. चूक झाली ती माझ्या हातून, आणि तीच सांगण्यासाठीं हा लेखनप्रपंच आहे.

२०२० च्या मार्च महिन्यांत कोरोनाची टाळेबंदी सुरू झाली आणि आश्रमाचें फाटक बंद झालें, तें कित्येक महिने. व्यवस्थापिकाबाईंनीं काम करणाऱ्या बायांना आश्रमांतच राहावयास जागा दिली. या बायांना तेथें सारे 'मावशी' म्हणतात. आम्हां नातेवाइकांना फाटकाबाहेर उभें राहून हात हालवावा लागे. त्या वेळीं तो सारा प्रकार आम्हांला अतिरेकाचा वाटला. परंतु अमेरिकेंत वॉशिंग्टन राज्यांतील कर्कलंड या गांवीं काय घडलें, तें मागाहून माझ्या वाचनांत आलें. तेथील एका शुश्रूषागृहांत त्या वर्षाच्या फेब्रुवारीअखेर ही सांथ शिरली. १८ मार्चपर्यंत तिची लागण झालेले १६७ जण सांपडले. त्यांत १०१ वृद्ध रहिवासी, ५० कर्मचारी आणि १६ भेटीस आलेलीं माणसें होतीं. लागण झालेल्या रहिवाशांपैकीं सुमारें तिसरा हिस्सा दगावला. अंगांत कणकण असूनही कामावर येणारे, आणि पोटासाठीं एकाहून अधिक शुश्रूषागृहांत राबणारे कर्मचारी यांच्याबरोबर तो रोग आसपासच्या संस्थांतही पोंचला.

इतक्या लांब जावयास नको. आपल्याच ठाणें जिल्ह्यांत, खडवलीजवळच्या मातोश्री वृद्धाश्रमांत, नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस साठांहून अधिक जणांना कोरोना झाल्याचें आढळून आलें आणि त्यांना ठाण्याच्या सरकारी रुग्णालयांत हलवावें लागलें. त्यांतील बहुतेकांनीं लशीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्या होत्या. लस जीव वांचविण्याच्या कामीं फार मोठी मदत करते; पण ती दाराला लावलेली कडी नव्हे, रोग आंत येऊं शकतो, एवढें त्यावरून दिसलें. आमच्या आश्रमांत मात्र त्या दोन वर्षांत कोरोनाची सांथ म्हणून शिरली नाहीं. आम्हीं सुटकेचा निःश्वास सोडला, फाटक उघडलें, आणि उघडतांच सगळें विसरून गेलों.

२०२२ सालीं निर्बंध उठून गणपति पुन्हां पूर्वीच्या थाटानें आले. त्या वर्षीं गौरीपूजन ४ सप्टेंबरला, नेमकें रविवारीं होतें. सकाळपासून माझ्या घशांत थोडी खवखव होती. पत्नी म्हणाली, "अहो, आजचा दिवस राहूं द्या. पुढच्या रविवारीं जा." मी हंसून म्हणालों, "एवढ्याशा खवखवीला भ्यालों, तर आत्या जन्मभर ऐकवील!" पुरणपोळ्यांचा डबा घेतला, दोन लवंगा तोंडांत टाकल्या आणि निघालों.

आश्रमांत त्या दिवशीं जत्रा लोटली होती. बाहेर पावसाची झड लागल्यामुळें समुद्राकडच्या साऱ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. त्या बंद दिवाणखान्यांत चौतीस वृद्ध आणि आम्ही वीसपंचवीस पाहुणे मिळून दोन तास मोठमोठ्यानें आरत्या म्हणत होतों. आत्याच्या खोलींत तिच्या जोडीला देवगडकडच्या एक आजी राहत. नव्वदीला टेंकलेल्या, ठेंगण्या, हंसतमुख. मीं त्यांना वांकून नमस्कार केला. त्यांनीं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कानशिलांवर बोटें मोडून दृष्ट काढली.

"बाळा, आवाज बसला आहे रे तुझा," त्या म्हणाल्या.

"आरत्यांनीं बसला, आजी," मीं सांगितलें.

हें खोटें होतें. तसें पाहिलें तर किती लहानसें! सणासुदीला कोणाच्या मनाला लागूं नये म्हणून आपण दहा वेळां बोलतों, तसलें.

बुधवारीं सकाळीं त्या आजींनीं चहाचा पेला तसाच परत पाठविला. खोकला नव्हता, ताप नव्हता. उत्तनच्या कोळीवाड्यांतून येणाऱ्या एक मावशी त्या खोलीचें काम पाहत. त्या व्यवस्थापिकाबाईंना म्हणाल्या, "बाई, आजीचं आज काय तरी येगळं हाय." बाईंनीं थर्मामीटर लावला, पारा साडेअठ्ठ्याण्णवावर होता. सणाच्या जेवणानें पोट बिघडलें असेल, असें ठरलें. गुरुवारीं आजी दिवसभर झोंपून होत्या आणि मुलीचा फोन आला तेव्हां त्यांना तिचा आवाज ओळखूं येईना. शुक्रवारीं रात्रीं त्यांचा श्वास भात्यासारखा चालूं लागला. रुग्णालयांत नेलें तेव्हां न्यूमोनिया दोन्ही फुप्फुसांत पसरलेला होता. सोमवारीं त्या गेल्या. तोंवर आश्रमांतील अकरा जणांना खोकला लागला होता, त्यांत माझी आत्याही होती. डॉक्टरांनीं तपासणी करविली, इन्फ्लुएन्झा निघाला. इकडे मी तापानें अंथरूण धरून बसलों होतों. माझी तपासणी कोणी केली नाहीं, आणि मींही ती करवून घेतली नाहीं.

तो रोग मीं नेला काय? खात्रीनें सांगतां येणार नाहीं. त्या रविवारीं आलेल्या पाहुण्यांत आणखी कोणाचा घसा बसला होता, कोणाचें नाक गळत होतें, याची नोंद कोठेंच नव्हती. माझे मित्र याच अनिश्चिततेचा आधार देऊन माझें समाधान करूं पाहतात. मला तें पटत नाहीं. त्या आजींनीं मला सरळ प्रश्न विचारला होता. मीं खरें सांगितलें असतें, तर त्यांनीं माझा चेहरा हातांत धरला नसता, एवढें तर नक्की आहे.

आत्या बरी झाली. महिन्याभरानें मी भेटावयास गेलों तेव्हां समोरचा पलंग रिकामा होता. मी कांहीं बोलण्यापूर्वींच ती म्हणाली, "रडूं नकोस. रडून उपयोग नाहीं. त्या बुधवारीं मावशींना जें दिसलें, तें आम्हांला कोणालाच कां दिसलें नाहीं, तेवढें शोधून आण."

तिनें दिलेला हा गृहपाठ करण्यांत माझे पुढचे कित्येक महिने गेले. त्यांतून कळलेलें थोडेंसें येथें मांडतों. कारण ज्यांच्या घरांत सत्तरी उलटलेलें माणूस आहे, त्या प्रत्येकाच्या तें उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट अशी कीं, म्हातारपणीं ताप ही भरंवशाची खूण राहत नाहीं. वृद्धांचें शरीर मुळांतच थोडें थंड असतें, आणि रोगाशीं झुंजतांना तें तरुणासारखें तापत नाहीं. त्यांतून सांध्यांच्या दुखण्यासाठीं रोज घेतलेली गोळी उरलासुरला ताप झांकून टाकते. म्हणून वृद्धाश्रमांसाठीं तज्ज्ञांनीं वेगळें माप ठरविलें आहे: एकदांच मोजतांना १०० अंश, वारंवार मोजतांना ९९ अंशांच्या वर, किंवा त्या माणसाच्या नेहमीच्या तापमानाहून २ अंश अधिक, यांपैकीं कांहींही असलें तरी तो ताप समजावा. यांतील तिसरें माप मला फार महत्त्वाचें वाटतें. 'नेहमीचें' किती, हें आधीं ठाऊक असल्याखेरीज तें लावतांच येत नाहीं. देवगडच्या आजींचें नेहमीचें तापमान साडेशहाण्णव असेल, तर त्या बुधवारीं त्यांना चांगला ताप होता. पण तें कोणी कधीं लिहून ठेवलें होतें?

दुसरी गोष्ट श्वासाची. रोगी निवांत पडला असतांना त्याची छाती एका मिनिटांत किती वेळां वरखालीं होते, हें घड्याळ धरून मोजावें. ही संख्या २५ किंवा अधिक भरली, तर न्यूमोनियाची शंका घेऊन तत्काळ डॉक्टर गांठावा. याला यंत्र लागत नाहीं, खर्च लागत नाहीं. फक्त एक पूर्ण मिनिट एका माणसाकडे पाहत बसावें लागतें. तेंच आपल्याच्यानें होत नाहीं. आणि तिसरी गोष्ट सर्वांत फसवी. छातींतला रोग वृद्धांच्या बाबतींत पुष्कळदां छातीबाहेरच प्रथम दिसतो. अन्नावरची वासना उडणें, एकाएकीं बोलण्यांत घोंटाळा होणें, चालतांना तोल जाऊन पडणें, अंथरुणांत लघवी होणें, दिवसा झोंपून राहणें. आपण म्हणतों, "आतां वय झालें." वय एका रात्रींत होत नसतें. एका रात्रींत झालेला बदल वयाचा नव्हे, रोगाचा समजावा.

वरवर धडधाकट दिसणाऱ्यांचीही खात्री देतां येत नाहीं. त्याच वॉशिंग्टन राज्यांतील दुसऱ्या एका शुश्रूषागृहांत २०२० च्या मार्चमध्यें ७६ रहिवाशांची सरसकट तपासणी झाली. ४८ जणांना कोरोना निघाला, आणि त्यांतल्या २७ जणांना तपासणीच्या वेळीं कोणतेंही लक्षण नव्हतें. म्हणून जाणत्या संस्था आतां असा नियम पाळतात: तीन दिवसांच्या आंत दोन रहिवाशांना सर्दीखोकला वा ताप आला, कीं त्याला योगायोग म्हणावयाचें नाहीं. ताबडतोब तपासणी करावयाची, आजाऱ्यांच्या खोल्या वेगळ्या करावयाच्या, पंगतीचें जेवण बंद करून ताटें खोल्यांत पोंचवावयाचीं, आणि शेवटचा रोगी सांपडल्यावरही निदान आठवडाभर रोज प्रत्येकाला पाहावयाचें. इन्फ्लुएन्झा ठरला तर त्यावरील औषध पहिल्या दोन दिवसांत दिल्यास अधिक लागू पडतें. म्हणजे त्या बुधवारीं वेळ होती, शुक्रवारीं ती गेली होती.

आतां हा रोग आंत आणतो कोण? फाटकाबाहेर ज्याला पाऊल टाकतां येत नाहीं, तो म्हातारा नव्हे. आणतों आम्हीच, सेवा करणारे आणि प्रेम करणारे. ग्लासगो शहरांतील १२ वृद्ध-रुग्णालयांत १९९४-९५ च्या हिवाळ्यांत एक प्रयोग झाला. कांहीं ठिकाणीं परिचारकांना इन्फ्लुएन्झाची लस दिली, कांहीं ठिकाणीं दिली नाहीं. जेथें दिली तेथें वृद्धांच्या मृत्यूंचें प्रमाण १० टक्के राहिलें. जेथें दिली नाहीं तेथें १७ टक्के. जपाननें १९६२ पासून शाळकरी मुलांना ही लस देण्याचा कार्यक्रम चालविला आणि १९९४ सालीं तो सोडून दिला. संशोधकांनीं २००१ मध्यें जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हां त्या काळांत हिवाळ्यांतील जादा मृत्यू घटले होते आणि कार्यक्रम ढिला पडतांच ते पुन्हां वाढले होते, असें दिसून आलें. आणि हे मृत्यू मुख्यतः वृद्धांचे. नातवाच्या दंडाला टोंचलेली सुई आजोबांच्या उपयोगी पडत होती! आपल्याकडे इन्फ्लुएन्झाचा मोठा जोर पावसाळ्यांत असतो; म्हणून ही लस एप्रिल-मे महिन्यांत घ्यावी, आणि न्यूमोनियाची लस कोणाला केव्हां द्यावी तें डॉक्टरांना विचारून ठरवावें.

जपानांतलीच आणखी एक गोष्ट आत्याला फार आवडली. तेथील ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षें कांहीं रहिवाशांचे दांत व तोंड परिचारिकांनीं जेवणानंतर नियमानें स्वच्छ केलें, कांहींचें केलें नाहीं. ज्यांचें केलें नाहीं, त्यांतल्या १९ टक्क्यांना न्यूमोनिया झाला. ज्यांचें केलें, त्यांतल्या ११ टक्क्यांना. झोंपेंत तोंडांतली लाळ नकळत श्वासनलिकेंत उतरते, आणि तोंडांतले जंतु तिच्याबरोबर फुप्फुसांत जातात. हें ऐकून आत्या म्हणाली, "अरे, जेवल्यावर चुळा भर म्हणून तुझ्या आजीनें तुला किती वेळां धपाटा घातला असेल!" मला हंसूं आलें, पण एक विचारही आला. बाहेरून आल्यावर हातपाय धुणें, चूळ भरणें, उष्टें न खाणें या चांगल्या संवया आमच्या घरांत होत्या. आम्हीं त्यांना सोवळ्याच्या नांवाखालीं घातलें आणि मग कोणत्या माणसाला शिवावें नि कोणाला शिवूं नये, याचाच निवाडा करीत बसलों. जंतु जात पाहत नाहीं. सोवळें नेसून पूजेला बसलेल्या माझ्याच घशांत तो त्या गौरीपूजनाच्या सकाळीं बसला होता. आणि आजींचें दुखणें जिनें प्रथम ओळखलें, त्या मावशीच्या हातचें पाणी माझ्या आजीनें घेतलें नसतें.

आत्यानें हा माझा गृहपाठ घेतला आणि त्यांतून एक वही आंखली. प्रत्येक रहिवाशाला एक पान. रोज सकाळीं तापमान, श्वास, ऑक्सिजन आणि जेवण, असे चार रकाने. ऑक्सिजन मोजण्याचें बोटाला लावावयाचें छोटें यंत्र आश्रमांत होतेंच. २०२० च्या सप्टेंबरांत 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेंत आरोग्यपथकें असलींच यंत्रें घेऊन घरोघर फिरलीं होतीं. त्या सुमारास घेतलेलें तें यंत्र नंतर कपाटांत धूळ खात पडलें होतें. फाटकाशीं दुसरी एक वही ठेवली. येणाऱ्यानें तिच्यांत नांव लिहावयाचें आणि खोकला, सर्दी, ताप 'आहे' किंवा 'नाहीं' यांपुढें सही करावयाची. ही सही मला फार मोलाची वाटते. तोंडी थाप मारणें सोपें असतें; तीच आपल्या हातानें लिहून खालीं सही करतांना माणूस क्षणभर थांबतो.

परंतु वही सुरू झाली आणि तिसऱ्याच दिवशीं बंड झालें. मूळचे पुण्याचे एक आजोबा हात पुढें करावयास तयार होईनात. "आम्ही काय कैदी आहोंत?" ते गरजले. "रोज पहाटे येऊन झडती कसली घेतां?" झडती हा शब्द त्यांनीं उगीच वापरला नव्हता. १८९७ च्या प्लेगांत पुण्यांत सोल्जरांनीं घरांत शिरून रोगी शोधले, त्या वेळच्या हकीकती त्यांनीं आपल्या आजोबांच्या तोंडून ऐकल्या होत्या. त्याच वर्षीं फेब्रुवारींत झालेला सांथीच्या रोगांचा कायदा २०२० सालींही उपयोगांत आला, हेंही त्यांना ठाऊक होतें. मला त्यांचें म्हणणें अगदींच चुकीचें वाटलें नाहीं. रोग शोधतांना रोग्याचा मान ठेवला नाहीं, कीं लोक रोग लपवूं लागतात. आणि लपविलेला रोग कोणत्याही वहींत सांपडत नाहीं.

आत्यानें त्यांच्याशीं वाद घातला नाहीं. तिनें वही परत घेतली, पट्टी मागविली आणि प्रत्येक पानावर पांचवा रकाना आंखला. त्याच्या माथ्यावर लिहिलें: 'आजचें वेगळें काय?' मग ती त्या आजोबांना म्हणाली, "हा रकाना आपण भरायचा. आपल्याला आज काय वेगळें वाटतें, आणि शेजाऱ्याचें काय वेगळें दिसतें, तें लिहायचें. मावशींनाही सांगायचा अधिकार आहे. त्यांनीं सांगितलेलें आपण लिहून घ्यायचें." आजोबा हिशेबखात्यांतून निवृत्त झालेले, वही आणि रकाना पुढें आल्यावर त्यांचा राग किती टिकणार! आठवड्याभरांत ते सगळ्या मजल्याचे कारकून होऊन बसले.

त्या रकान्यांत काय काय येतें म्हणून सांगूं? 'खोली ४ मधील बाईंनीं शब्दकोडें अर्धें टाकलें.' 'नाना आज कोणाशींही भांडले नाहींत, लक्ष ठेवावें.' 'रात्रीं वाऱ्याचा फार आवाज, झोंप नाहीं.' 'मुलाचा फोन नाहीं.' यांतल्या पुष्कळ नोंदींचा न्यूमोनियाशीं कांहीं संबंध नसतो, हें उघड आहे. पण रोज कोणीतरी आपल्याला 'आज काय वेगळें?' असें विचारतें, हेंच त्या माणसांना औषधासारखें लागू पडलें. आधीं हात मागें ओढणारे आतां मावशींना उशीर झाला तर हांका मारतात.

२०२४ च्या जुलै महिन्यांत त्या रकान्याची परीक्षा झाली. एका सकाळीं कोळीवाड्यांतल्या त्याच मावशींनीं सांगितलें आणि आजोबांनीं लिहून घेतलें: 'खोली ७ मधील गृहस्थांनीं आज रेडिओ लावला नाहीं.' तापमान ९८.८, म्हणजे कोणीही सोडून दिलें असतें. पण त्यांचें नेहमीचें ९७ च्या खालीं, हें मागच्या पानांवर होतें. व्यवस्थापिकाबाईंनीं घड्याळ धरून श्वास मोजले, २८ भरले. तासाभरांत डॉक्टर आले. त्या दिवसापासून खोली वेगळी झाली, पंगत बंद झाली, समुद्राकडच्या खिडक्या पावसांतही वरच्या अंगानें उघड्या राहिल्या. ते गृहस्थ पांच दिवस रुग्णालयांत राहून परत आले. त्यांच्याखेरीज फक्त एका बाईंना खोकला झाला, आणि तो तेवढ्यावरच थांबला. ज्या दिवशीं ते परतले, त्या दिवशीं त्यांच्या रकान्यांत आत्यानें मोठ्या अक्षरांत लिहिलें: 'रेडिओ फार मोठ्यानें लावला.'

आपल्या एकत्र कुटुंबांत वृद्धाश्रमाची ही कथा कशाला, असें कोणी म्हणेल. मला वाटतें, ज्या घरांत आजी-आजोबा आहेत, तें घर त्या सांथीच्या दृष्टीनें लहानसा वृद्धाश्रमच आहे. शाळेंतून शिंकत आलेला नातू धांवत जाऊन प्रथम आजीच्याच मांडीवर बसतो. घरांत दहा माणसें असतात. पण आजोबांनीं आज वर्तमानपत्र उघडलें नाहीं, हें त्या दहांतल्या कोणाच्या लक्षांत येतें? प्रत्येकाला वाटतें, दुसऱ्यानें पाहिलें असेल. आश्रमांत निदान एका मावशीचें तें काम असतें. घरांत तें सर्वांचें असतें, म्हणून पुष्कळदां कोणाचेंच नसतें. एक वही आंखावयास दहा मिनिटें लागतात.

गेल्या रविवारीं मी नेहमीप्रमाणें उत्तनच्या बसनें निघालों. घरून निघतांना मी ठणठणीत होतों. मोर्व्याला पहिली शिंक आली आणि डोंगरी येईपर्यंत पांच झाल्या. फाटकाशीं वही उघडून बसलेल्या पहारेकऱ्यानें माझ्यापुढें लेखणी केली. मीं नांव लिहिलें, 'सर्दी' या शब्दापुढें 'आहे' असें लिहिलें, सही केली आणि डबा त्याच्या हातांत दिला.

वरच्या खिडकींतून आत्यानें मला पाहिलें होतें. सत्त्याऐंशी वर्षांचा तो शिक्षिकेचा आवाज अंगण ओलांडून आला, "काय रे, आजचें वेगळें काय?"

"नाक गळतें आहे!" मी ओरडलों.

"मग तेथूनच परत जा. डब्यांत काय आहे?"

"ओल्या नारळाच्या करंज्या!"

"डबा पुढच्या रविवारीं ने," ती म्हणाली, आणि खिडकींतून हात हालवूं लागली. परतीची बस यावयास वीस मिनिटें होतीं. तेवढा वेळ ती खिडकींत उभी होती, आणि मी रस्त्याच्या कडेला.